लिंबायतचा मे महिना

सकाळी 6. नळाला पाणी आलं की सुरतेतल्या लिंबायतमधली आमची गल्ली जागी होते. हंडे भरतानाच अंग चिकचिकतं, ऊन तर अजून चढलेलंही नसतं. सुरतेचा पारा सहसा भुसावळसारखा 45 वर जात नाही. पण इथल्या हवेत समुद्राची ओल असते, घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की शरीर निवत नाही. धुळे, जळगाव, नंदुरबारहून आलेल्या आमच्या माणसांना हेच पटवणं अवघड जातं. ‘आम्ही गावाकडचं ऊन काढलंय, काही व्हत नही माय,’ हे उत्तर दारोदार ऐकू येतं. हवामान खातंही मैदानी भागात 40 अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करतं, किनाऱ्यावर मात्र 37 पासूनच.

7 वाजता लूमची रातपाळी सुटते. बारा तास उभे राहिलेले कारागीर भिजलेल्या बनियनवर बाहेर पडतात. वाऱ्यानं धागा हलू नये म्हणून खिडक्या बंद. मजुरी मीटरवर, त्यामुळे पाण्यासाठी मशीन सोडलं की पैसे बुडतात. मशीनशेजारी बाटली ठेवा, तहान लागायची वाट पाहू नका, लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय, एवढंच मी चालता चालता सांगते.

9 पासून आशा कार्यकर्ती म्हणून माझी घरोघर फेरी. झोळीत ओआरएसची पाकिटं, डोक्यावर ओला रुमाल. एका घरी महिन्याच्या बाळाला चमच्यानं पाणी पाजत होते. सहा महिन्यांपर्यंत आईचं दूधच पुरतं. उन्हाळ्यात ते अधिक वेळा पाजायचं आणि पाणी आईनं प्यायचं.

11.30. दिवसातली सगळ्यात कठीण वेळ, आणि ती उन्हात नव्हे, घरात. पत्र्याखालच्या दहा बाय दहाच्या खोलीत तिघी जणी साडीवर खडे चिकटवत बसलेल्या. पंखा बंद, कारण वाऱ्यानं खडे उडतात आणि गोंद लवकर सुकतो. वर हात नेला तर पत्र्याची धग तळहाताला लागते. कोपऱ्यातल्या आजीला रक्तदाबाची, लघवी वाढवणारी गोळी चालू. ‘आजी, चक्कर येते का?’ विचारलं तर म्हणाल्या, ‘उठलं की डोळ्यापुढं अंधारी येते.’ गोळी मनानं बंद करू नका, पण आजच डॉक्टरांना दाखवा, असं सांगून त्यांच्या सुनेला सोबत धाडलं. त्या तिघींना म्हटलं, खड्यांचं काम पहाटे करा, दुपारी लेस लावा, म्हणजे पंखा तरी चालेल. पत्र्यावर भिजवलेली पोती टाका.

दुपारी 1 ते 4 बांधकामावरच्या मजुरांना उन्हाळ्यात उघड्यावर कामाला लावू नये, असा गुजरातच्या कामगार खात्याचा आदेश असतो. ओझं वाहणाऱ्या मजुराला मात्र अशी विश्रांती कोण देतं? मी या वेळेत रजिस्टर लिहिते, ताक पिते. खिशात कांदा ठेवणाऱ्यांना सांगते, त्यानं ऊन लागायचं थांबत नाही; कांदा जेवणात खावा.

साडेचारला पार्सलचा टेम्पो भरणारा एक पोरगा बरळायला लागला. गावाकडचं लग्न आटोपून नुकताच परतलेला. शरीराला अशा उकाड्याची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, पहिले दिवस काम हलकं हवं. सावलीत आणलं, शर्ट काढला, अंगभर पाणी ओतून पुठ्ठ्यानं वारा घातला, मानेला आणि काखेत बर्फ. शुद्ध हरपत असलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. 108 ची रुग्णवाहिका येईपर्यंत गार करत राहायचं. उष्माघातात मिनिटं मोलाची.

रात्री 9. भिंती दिवसभराची धग परत देतात. झोपायच्या आधी शेजारच्या एकट्या म्हाताऱ्यांना हाक मारून येते.

1994 च्या प्लेगनंतर या शहरानं स्वच्छता आणि तापाची घरोघर पाहणी इतकी नेटकी केली की देशभर नाव झालं. अहमदाबादनं 2013 मध्ये उष्णतेचा कृती आराखडा आणला. सुरतेकडे घरोघर फिरणारी माणसं आहेतच. कोणत्या घरावर पत्रा आहे, कुठे म्हातारं माणूस एकटं आहे, हे महापालिकेनं त्यांच्याकडून मार्चमध्येच लिहून घ्यावं. आणि वाचणाऱ्या दादांनो, ताईंनो, उद्या दुपारी तुमच्या दाराशी सामान घेऊन कुणी आलं, तर त्याला आधी सावलीत बसवून पाणी द्या.