ट्रॅक्टर दुरुस्तीची पदवी नव्हे

बारावीचा निकाल लागला, सीईटीचे पर्सेंटाइल हाती आले, की प्रवेशाच्या चौकशीला येणाऱ्या पालकांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं. "कृषी अभियांत्रिकी म्हणजे बीएस्सी अ‍ॅग्रीच ना हो? फक्त नाव मोठं." त्यापाठोपाठ दुसरं येतं. "शेवटी ट्रॅक्टरच दुरुस्त करायचा, तर आयटीआय काय वाईट?" विचारणाऱ्याचा दोष कमीच, कॉलेजात त्याच्या मुलाला याबद्दल कुणी काही सांगितलेलं नसतं. पण या दोन वाक्यांपायी गणितात तरबेज आणि शेतीची जाण असलेली पोरं हा अभ्यासक्रम पर्यायांच्या यादीत तळाला टाकतात, नाहीतर टाकतच नाहीत. दरवर्षी हेच पाहून चीड येते.

तेव्हा एकदा नीट सांगतो. बी.टेक. (कृषी अभियांत्रिकी) ही चार वर्षांची अभियांत्रिकी पदवी आहे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांत ती मिळते. अभ्यासक्रमाचा साचा भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची अधिष्ठाता समिती ठरवते. तो उघडून पाहिला तर अभियांत्रिकी गणित, उपयोजित यामिकी, पदार्थांची ताकद, द्रव यामिकी, उष्मागतिकी, यंत्रांचा सिद्धान्त, सर्वेक्षण, विद्युत यंत्रं असे विषय दिसतात. मृदाशास्त्र आणि पीकशास्त्रही असतं, पण आपलं माध्यम ओळखण्यापुरतं. पुढची वर्षं मृद व जलसंधारण, सिंचन व निचरा, कृषी यंत्रं व शक्ती, प्रक्रिया व अन्न अभियांत्रिकी, अपारंपरिक ऊर्जा यांत जातात. बीएस्सी अ‍ॅग्रीचा विद्यार्थी त्याच काळात वाण, खतं, कीड-रोग आणि बियाण्याचं शास्त्र शिकत असतो. दोघांचाही अभ्यास मोलाचा आहे, पण तो एकच नाही.

ही शाखा काल-परवा कुणीतरी काढली, असंही काहींना वाटतं. अलाहाबादच्या कृषी संस्थेत मेसन वॉ यांच्या पुढाकाराने हिचं पदवी शिक्षण 1942 मध्ये सुरू झालं. देशातली पहिली आयआयटी खरगपूरला 1951 मध्ये उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी तिथे कृषी अभियांत्रिकीचा विभाग निघाला. आज गेट परीक्षेत या शाखेचा स्वतंत्र पेपर आहे. त्यामुळे 'पुढे शिकायची सोय नाही' हेही खरं नाही.

पण नुसती विषयांची यादी ऐकून पालकांचं समाधान होत नाही, म्हणून मी त्यांना सांडव्याचं गणित करून दाखवतो. समजा, एका ओढ्यावर मातीचा बांध घालायचाय. वरून दहा हेक्टरांचं पाणी येतं. जमीन अशी, की पडलेल्या पावसापैकी साधारण निम्मा वाहून जातो, म्हणजे अपधाव गुणांक 0.5. मोठ्या वळवाच्या सरीचा जोर धरू तासाला 72 मिलिमीटर. तिन्ही आकड्यांचा गुणाकार करून 360 ने भागलं की ओढ्याला येणारा कमाल प्रवाह मिळतो : सेकंदाला एक घनमीटर. म्हणजे दर सेकंदाला हजार लिटर. हे पाणी बांधाला धक्का न लावता बाजूने निघून गेलं पाहिजे. सांडव्यावरून तीस सेंटिमीटर खोलीने ते वाहू द्यायचं ठरवलं, तर रुंद माथ्याच्या सांडव्याच्या सूत्राने लांबी येते साधारण 3.6 मीटर.

आता गावात काय होतं? जेसीबीवाला येतो, बांध घालतो आणि अंदाजाने मीटरभराची वाट सोडतो. मग तेवढंच पाणी त्या चिंचोळ्या वाटेने जायला सत्तर सेंटिमीटर चढतं. बांधाचा माथा तेवढा उंच ठेवलेला नसेल, तर पाणी माथ्यावरून उलटतं. मातीचा बांध एकदा माथ्यावरून वाहायला लागला की उरत नाही. खालच्या रानातली पेरणी, विहिरीचा काठ, सगळं गाळाखाली जातं आणि लोक म्हणतात, यंदा पाऊसच तसा झाला. पाऊस झाला हे खरंच, पण सांडवा चुकला होता. तो बरोबर काढणारा माणूस तयार करणारी ही पदवी आहे.

दुसरं उदाहरण नाशिककडच्या कुणालाही पटेल. काढणीनंतरही कांदा जिवंत असतो. तो श्वसन करतो, उष्णता आणि ओल बाहेर टाकतो. म्हणून चाळीत ढिगाची रुंदी साधारण चार फुटांच्या आसपास ठेवतात आणि तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचलून घेतात, म्हणजे खालून शिरलेली हवा ढिगातून वर निघते. जागा वाचवायला रुंदी वाढवली की मधल्या कांद्यापर्यंत हवा पोचत नाही, तिथे ऊब धरते, कोंब फुटतात, सड लागते. ढिगातून हवा किती आणि कशी खेळेल, हा अभियांत्रिकीचा प्रश्न आहे. ठिबकचंही तसंच. प्रक्षुब्ध प्रवाहाच्या साध्या तोटीत दाब निम्म्यावर आला तर पाणी निम्मं होत नाही, साधारण सत्तर टक्क्यांवर येतं, आणि दाबनियंत्रित तोटीत बऱ्याच मर्यादेपर्यंत जवळजवळ तेवढंच राहतं. चढाच्या रानात कोणती नळी टाकायची, किती लांब टाकायची आणि पंप किती अश्वशक्तीचा घ्यायचा, हे यावर ठरतं. अंदाजाने बसवलेल्या संचात उसाच्या एका टोकाला पाणी साचतं, दुसरं टोक सुकतं आणि बोल मात्र ठिबकला लागतो.

राहिला ट्रॅक्टर. तो आहेच. पण मेकॅनिक बिघडलेलं यंत्र चालू करतो आणि अभियंता ते यंत्र त्या मातीसाठी आखतो, तपासतो. काळ्या ओल्या जमिनीत चाक किती घसरतं, नांगराला किती ओढ लागते, अवजाराच्या वजनाने जमीन किती दबते, असे ते प्रश्न असतात. मध्य प्रदेशातल्या बुदनीला ट्रॅक्टर प्रशिक्षण आणि चाचणीची केंद्रीय संस्था 1955 पासून आहे. अवजारांवर संशोधन करणारी केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था भोपाळला आहे. आपल्याकडे अकोल्याच्या विद्यापीठाची पीकेव्ही मिनी डाळ मिल विदर्भातल्या कित्येक बचत गटांना ठाऊक आहे. तुरीची डाळ गावातच व्हायला लागली, ती अशा यंत्रांमुळे. मेकॅनिकच्या हातातलं कसब मला आदराचं वाटतं. तरीही दोन वेगळी कामं एकाच नावाखाली ढकलणं दोघांवरही अन्याय करणारं आहे.

'नोकऱ्याच नाहीत' हा आक्षेप मात्र एका वाक्यात झटकून टाकण्यासारखा नाही. संगणक शाखेसारखी कॅम्पसवर रांग लागत नाही आणि सुरुवातीचा पगारही बहुधा कमी असतो, हे मान्यच करायला हवं. पण दारं बंद आहेत हे चूक. ट्रॅक्टर आणि अवजारांचे कारखाने पुणे, नागपूर, मुंबईत आहेत. ठिबकचा मोठा उद्योग जळगावात आहे. अन्नप्रक्रिया, शीतगृहं, गोदामं, पाणलोटाची कामं आहेत. राष्ट्रीयीकृत बँकांच्या कृषी क्षेत्र अधिकारी पदाच्या जाहिरातीत पात्र पदव्यांमध्ये कृषी अभियांत्रिकी असते. भारतीय वनसेवेच्या परीक्षेला अभियांत्रिकीचे पदवीधर बसू शकतात आणि तिथे कृषी अभियांत्रिकी हा ऐच्छिक विषयही आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी लोकसेवा आयोगाची अधिसूचना वाचावी, ती सर्वांसाठी खुली आहे.

राज्यसेवेकडून मात्र या मुलांची निराशा झाली आहे. कृषी सेवा मुख्य परीक्षेच्या बदललेल्या अभ्यासक्रमात आपल्या विषयांना पुरेशी जागा नाही, म्हणून 2023 मध्ये कृषी अभियांत्रिकीचे विद्यार्थी आंदोलनाला बसले होते. त्यांची बाजू मला रास्त वाटते. मृद व जलसंधारण ज्यांचा मुख्य विषय, त्यांनाच त्या कामाच्या परीक्षेत कडेला बसवायचं, हे कोणत्या न्यायाने? पण हा दोष भरतीच्या धोरणाचा आहे. तो पदवीच्या माथी मारून मुलांना तिच्यापासून दूर ठेवू नये.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. 'सातबारा नसेल तर प्रवेश नाही' : चूक. शेतकरी कुटुंबातल्या उमेदवाराला गुणांत भारांक मिळत आला आहे, पण ती पात्रतेची अट नाही. 'जीवशास्त्र घेतलंय, चालेल' : बीएस्सी अ‍ॅग्रीला चालेल, इथे गणित लागतं. 'इंजिनिअरिंग सेवा परीक्षेत ही शाखा असेलच' : नाही. त्या परीक्षेत स्थापत्य, यांत्रिकी, विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स-दूरसंचार एवढेच गट आहेत.

'मुलींना हे झेपणार नाही' हे ऐकलं की गप्प बसवत नाही. भाताची लावणी, खुरपणी, कापसाची वेचणी या राज्यात मुख्यतः बायाच करतात, पण पिढ्यान्‌पिढ्या अवजारांच्या मुठी पुरुषांच्या हाताच्या मापाने घडत आल्या. भोपाळच्या संस्थेत शेतकामकरी स्त्रियांच्या शरीराची मापं घेऊन त्या मापांची अवजारं बनवण्याचं काम झालं आहे. कोळप्याची मूठ कोणत्या उंचीवर असली म्हणजे कंबर धरत नाही, याचा अभ्यास करायला त्या कामाची सवय असलेल्या घरातल्या मुली आल्या, तर मला हव्याच आहेत.