गाणे शिकणाऱ्या मुलास कोठे पाठवावे?

शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा रोजच्या परिपाठात एखादे मूल सुरेल गाते आणि गावात त्याचा बोलबाला होतो. मग एके दिवशी त्याचे वडील शाळेच्या दारात उभे राहून विचारतात, “गुरुजी, पोरीचा गळा चांगला आहे म्हणतात, तिला गाणं शिकायला कुठं घालू?” हा प्रश्न ऐकून पुष्कळ शिक्षक “तालुक्याला एक क्लास आहे, तिथे घाला” असे सांगून मोकळे होतात. परंतु या उत्तरावर त्या घराचा एस.टी.चा खर्च, महिन्याची फी आणि मुख्य म्हणजे मुलाची शिकण्याची चार-पाच वर्षे अवलंबून असतात. चुकीच्या ठिकाणी पाठविलेले मूल वर्षभराने गाणे सोडते आणि “आमच्या मुलीला गाणं जमलं नाही” अशी घरच्यांची समजूत कायमची होऊन बसते. म्हणून शिक्षकाने या विषयाची थोडी माहिती करून घेणे इष्ट आहे. त्यासाठी त्याला स्वतःला गाता आलेच पाहिजे असे नाही.

कोणत्या मार्गाने शिकावे, ही निवड करण्याची सोयच मुळात फार जुनी नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गुरूच्या घरी राहणे हाच काय तो मार्ग होता. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली. ती मिळविण्यासाठी ते आधी धारला देवजीबुवांकडे राहिले. तेथून गुरुगृहातील घरगुती विरोधामुळे त्यांना निघावे लागले. नंतर वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे त्यांचे शिक्षण पुरे झाले. म्हणजे शिष्याची बुद्धी कितीही तल्लख असली तरी त्याचे शिक्षण गुरूच्या घरातील मर्जीवर टांगलेले असे. याच बाळकृष्णबुवांकडे मिरजेस विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले. लहानपणी दिवाळीत फटाक्याने त्यांच्या डोळ्यांस इजा झाली, शाळेचे शिक्षण खुंटले आणि ते गाण्याकडे वळले. १८९६ साली मिरज सोडल्यावर त्यांनी देशभर प्रवास केला आणि ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय सुरू केले. ठरलेली वेळ, ठरलेली फी, ठरलेला अभ्यासक्रम आणि जो येईल त्यास प्रवेश, असे गाण्याचे शिक्षण त्यातून उभे राहिले. ज्याने स्वतः गुरूच्या घरी राहून विद्या घेतली त्यानेच शाळा काढावी, यातच जुन्या पद्धतीची उणीव त्यांनी किती जवळून पाहिली असेल ते दिसते. याच सुमारास विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्याघराण्यांतून चिजा गोळा करून स्वरलिपीसह छापल्या आणि आजवर जे फक्त कानाने मिळत होते ते पुस्तकात आले.

पंडित भीमसेन जोशी यांची गोष्ट शाळांतून वारंवार सांगितली जाते. १९३३ साली, अकराव्या वर्षी, ते गुरूच्या शोधात गदगचे घर सोडून निघाले, येथपर्यंत ती सर्वांस ठाऊक असते. पुढचा भाग मात्र सांगावयाचा राहून जातो. उत्तरेत पुष्कळ भटकल्यावर जालंधरहून वडिलांनी त्यांना परत आणले, आणि १९३६ पासून ज्यांच्याकडे त्यांना खरी तालीम मिळाली ते सवाई गंधर्व त्याच धारवाड जिल्ह्यात, कुंदगोळला राहत होते. हे वडील स्वतः शाळाशिक्षक होते. तेव्हा ही गोष्ट मुलांना सांगताना घर सोडण्याचा भाग थोडा आवरून आणि वडिलांचा भाग थोडा रंगवून सांगावयास हरकत नाही.

आज खेड्यातील मुलापुढे साधारणतः चार वाटा असतात. गावातील भजनी मंडळ, तालुक्याच्या गावचा संगीतवर्ग, एखाद्या जाणत्या गायकाकडे व्यक्तिशः शिक्षण, आणि अलीकडे भ्रमणध्वनीवरून शिक्षण. यांपैकी अमुक एक श्रेष्ठ असे ठरवून देता येत नाही. प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट तपासावी. मुलाचा स्वर चुकला असता तो तेथल्या तेथे ऐकून दुरुस्त करणारा कान आठवड्यातून किमान एकदा मुलाला लाभतो काय? नुसते गाणे ऐकवणारे, पाठ करून घेणारे व टाळ्या देणारे पुष्कळ मिळतात. चूक ऐकणारा क्वचित मिळतो, आणि गाण्याची फी द्यावयाची ती वस्तुतः त्याच्या ऐकण्याची.

भजनी मंडळाकडे शिकलेले लोक पुष्कळदा तुच्छतेने पाहतात. ते योग्य नव्हे. तेथे मुलाच्या अंगात ठेका मुरतो. मृदंग, टाळ आणि गळा यांचा मेळ कसा राखावा हे त्याला कोणी न शिकविता कळू लागते. चारचौघांत गाण्याची भीड मोडते, शेकड्यांनी अभंग पाठ होतात, आणि यासाठी घरातून एक रुपयाही जात नाही. ज्यांना याच वाटेने पुढे जावयाचे आहे त्यांच्यासाठी आळंदीस जोग महाराजांनी १९१७ साली स्थापन केलेली वारकरी शिक्षण संस्था आहे. उणीव आहे ती अशी की, मंडळात सर्वांबरोबर गाताना एकट्याची चूक कोणाच्या कानावर येत नाही, आणि भजन रंगात आले म्हणजे पट्टी चढत जाऊन मूल घसा ताणून ओरडू लागते. तेव्हा लहान मुलाला पहिल्या तासापुरते बसवावे, टाळ वाजवू द्यावेत आणि झोपेच्या वेळी घरी पाठवावे, एवढे मंडळाच्या बुवांस विनंतीपूर्वक सांगितले तर ते ऐकतात.

तालुक्याच्या वर्गाचा विचार थोडा सविस्तर केला पाहिजे, कारण बहुतेक पालक शेवटी तेथेच जातात. पुष्कळ वर्ग अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांस मुले बसवितात. पलुस्करांच्या निधनानंतर १९३१ साली त्यांच्या शिष्यांनी हे मंडळ स्थापन केले. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण आणि पुढे विशारद, अलंकार अशा पायऱ्या आहेत. खेड्यातील मुलाच्या दृष्टीने या पद्धतीत मोठा गुण आहे. वर्षभरात काय यावयास हवे ते कागदावर लिहिलेले असते, शिक्षक बदलला तरी क्रम मोडत नाही, आणि हाती आलेले प्रमाणपत्र पाहून घरच्यांना धीर येतो. शिवाय मान्यताप्राप्त संस्थांच्या शास्त्रीय संगीताच्या परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या मुलांना दहावीच्या परीक्षेत वाढीव गुण देण्याची तरतूद राज्यात झाली आहे. त्यामुळे वर्गांची संख्या वाढली हे चांगलेच झाले. परंतु गुणांसाठी वर्ग काढणारेही वाढले आहेत, हेही सांगितले पाहिजे. दहा रागांच्या बंदिशी घडाघड म्हणणारे परंतु तंबोऱ्याशी षड्ज मिळविता न येणारे मूल असल्या वर्गातून तयार होते.

म्हणून पालकास पत्ता देण्यापूर्वी शिक्षकाने एकदा त्या वर्गात जाऊन तासभर बसावे. संगीताचे ज्ञान नसले तरी डोळ्यांना व कानांना पुष्कळ कळते. प्रत्येक मूल एकट्याने गाते काय, की वीस मुले मिळून एकदम गातात? चूक झाल्यावर शिकविणारा थांबतो काय? तंबोरा लावला जातो, की सर्व काही पेटीवर चालते? पेटी वाईट आहे असे नाही. तथापि तिच्या पट्ट्या सप्तकाचे बारा सारखे भाग करून लावलेल्या असतात, त्यामुळे तिचा शुद्ध गंधार तंबोऱ्यात आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा बोलतो. शिवाय दोन स्वरांमधील मींड तिच्यात निघत नाही. याच उणिवांवर बोट ठेवून आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली होती आणि ती सुमारे तीस वर्षे राहिली. ही बंदी अतिरेकी होती असे पुष्कळ जाणकारांचे मत आहे, आणि ते पटण्यासारखे आहे. तरीसुद्धा अगदी प्रारंभी जे मूल स्वरागणिक पेटीच्या आधाराने चालते ते पुढे पेटी काढून घेतल्यावर चाचपडते, हा अनुभव नाकारता येणार नाही.

याहूनही महत्त्वाची बाब पट्टीची आहे. प्रौढ पुरुष बहुधा काळी एक किंवा पांढरी दोन अशा पट्टीत गातो. लहान मुलांचा व मुलींचा आवाज काळी चार, काळी पाच या पट्ट्यांत मोकळा लागतो. घाईतील शिक्षक स्वतःच्या पट्टीत गातो आणि मुलांनाही तीतच गावयास लावतो. मग वरच्या स्वरांना गळ्याची शीर ताणते, खालचे स्वर घशातच राहतात, आणि मूल बेसूर आहे असा शिक्का बसतो. वास्तविक दोष पट्टीचा असतो. शाळेतील समूहगीतांतही हेच घडते, तेव्हा वर्गाची परीक्षा घेण्यास निघालेल्या गुरुजींनी प्रथम आपल्या परिपाठाकडे पाहावे.

जाणत्या गायकाकडे एकट्याने शिकणे हे सर्वांत उत्तम, पण सर्वांत दुर्मिळ. त्यात फी अधिक, अंतर लांब, आणि नामांकित गायकाला शिकविण्यास सवड असतेच असे नाही. नावाच्या मोहाने महिन्यातून एकदा शहरात नेण्यापेक्षा जवळच्या साध्या शिक्षकाकडे आठवड्यातून दोनदा गेलेले मूल लहान वयात अधिक शिकते. दहा-बारा वर्षांच्या मुलाला गुरूच्या घरी ठेवण्याचा विचार पालकांनी बोलून दाखविला तर शिक्षकाने आधी त्याच्या शाळेचे काय होणार ते विचारावे. मूल तेथे कोणाच्या देखरेखीखाली, कोठे झोपणार व जेवणार हे प्रत्यक्ष पाहिल्याविना होकार देऊ नये.

भ्रमणध्वनीवरील शिक्षणाविषयी दोन्ही टोकांची मते ऐकू येतात. समोरासमोर दिसत-बोलत होणारा पाठ व आधी ध्वनिमुद्रित करून ठेवलेला पाठ यांत फरक केला पाहिजे. पहिल्यात शिक्षक चूक ऐकू शकतो. परंतु ध्वनी पोहोचण्यास क्षणभर उशीर लागत असल्याने गुरु-शिष्यांना एकत्र गाता येत नाही, आणि शिक्षकाने तिकडे धरलेल्या ठेक्यावर इकडे मुलाला गाता येत नाही. तालाचे शिक्षण येथेच लंगडे पडते. आणखी एक गमतीची अडचण अशी की, ही यंत्रे माणसाचे बोलणे स्पष्ट यावे म्हणून मागचा अखंड आवाज दाबून टाकतात, आणि तंबोऱ्याचा नाद त्यांना पंख्याच्या घरघरीसारखाच वाटतो! तेव्हा ही सोय यंत्रातून बंद करता येत असल्यास बंद करावी, आणि तंबोरा मुलाच्या बाजूस वेगळ्या उपकरणावर लावावा. महिन्यातून एकदा प्रत्यक्ष भेट व मधल्या आठवड्यांत असा पाठ, ही जोड दूरच्या गावांना उपयोगी पडेल. ध्वनिमुद्रित पाठ मात्र चूक ऐकू शकत नाही. तो उजळणीसाठी ठीक, शिक्षक म्हणून नव्हे. श्रवणासाठी मात्र या यंत्राइतके मोठे वरदान नाही. मल्लिकार्जुन मन्सूर, किशोरी आमोणकर, कुमार गंधर्व यांचे गाणे आज वाडीवस्तीवरच्या मुलाला फुकट ऐकता येते. हे भाग्य पलुस्करांच्या काळच्या शिष्याला नव्हते.

समजा, तालुक्यापासून वीस किलोमीटरवरील गावातील चौथीतली मुलगी आहे. वडील शेतमजूर, शेवटची एस.टी. संध्याकाळी सहाची. अशा मुलीला एकटीला वर्गास पाठविणे घरच्यांना जड जाते, आणि त्यांचे चुकते असेही नाही. तिच्याबरोबर आणखी दोन मुली तयार कराव्यात. आठवडी बाजाराच्या दिवशी कोणाचे ना कोणाचे आईवडील तालुक्यास जातातच. वर्गाच्या बाईंना भेटून त्या दिवशीचा तास ठरवून घ्यावा. गुरुवारी गावच्या भजनात तासभर. रोज सकाळी परिपाठापूर्वी शाळेच्या खोलीत अर्धा तास, शाळेच्या भ्रमणध्वनीवर तंबोरा लावून, नुसता षड्ज व अलंकार. एवढ्यावर पहिले सहा महिने सहज जातात. वाद्य विकत घेण्याची घाई मुळीच करू नये. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले याचा अभिमान अवश्य बाळगावा, परंतु कर्ज काढून आणलेला तंबोरा मुलगी शिकावयाची थांबली की माळ्यावर जातो. सहा महिन्यांनी तिला तंबोऱ्याशिवाय षड्ज लावावयास सांगावे, मग तंबोरा सुरू करावा. दोन्ही जुळले तर वर्ग चांगला चालला आहे असे समजावे. प्रारंभिक परीक्षेचा अर्ज त्यानंतर भरावा.

मुलगा असेल तर आणखी एक गोष्ट पालकांस आधीच सांगून ठेवणे जरूर आहे. बाराव्या ते पंधराव्या वर्षाच्या दरम्यान आवाज फुटतो. काल तार षड्ज लावणारा मुलगा आज मध्यमावर अडखळतो. वडील म्हणतात, पैसे वाया गेले. मुलगा शरमेने गाणे सोडतो, आणि पुष्कळ चांगले गळे खेड्यांतून या वयात नाहीसे होतात. या काळात पट्टी उतरवून हलक्या आवाजात थोडेच गावे, ताण देऊ नये, आणि बाकीचा वेळ तबल्यास किंवा पेटीस द्यावा. वर्ष-दीड वर्षात आवाज ठरतो. वर्गातील बाईंना किंवा बुवांना हे ठाऊक असतेच, पण ते मुलाच्या घरी जात नाहीत. शाळेचे गुरुजी जातात.