पांढरा ठिपका आणि त्यामागचा जीव

समुद्रातील बहुतेक माशांच्या अंगावर थोडेफार परजीवी असतात. परजीवी म्हणजे दुसऱ्या जीवाच्या अंगावर किंवा अंगात राहून त्याच्यावरच पोसला जाणारा जीव. ज्याच्यावर तो पोसला जातो त्याला पोशिंदा म्हणतात. प्रवाळ खडकांभोवती फिरणाऱ्या माशाला या परजीवींचा सहसा मोठा उपद्रव होत नाही. परजीवीची पिल्ले जन्मतात तेव्हा मासा दूर निघून गेलेला असतो आणि अथांग पाण्यात नवा पोशिंदा सापडणे त्यांतील फार थोड्यांच्या नशिबी असते. हाच मासा दोनशे लिटर पाण्याच्या काचपेटीत आला की हिशेब उलटा होतो. तेथे पिल्लांना शोधाशोध करावी लागत नाही आणि माशाला पळून जायला जागा नसते. म्हणून खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय सांभाळणाऱ्याला, मग तो हौशी असो वा दुकानदार, या सूक्ष्म जीवांची ओळख असणे आवश्यक आहे. ती नसेल तर एका आजारी माशापायी संपूर्ण पेटी रिकामी होऊ शकते.

सर्वांत जास्त आढळणारा रोग म्हणजे समुद्री पांढरा ठिपका. माशाच्या परांवर आणि अंगावर मिठाचे कण चिकटावेत तसे ठिपके दिसतात. मालक घाबरून दुकानातून मिळेल ते औषध आणतो आणि पाण्यात ओततो. तीन-चार दिवसांत ठिपके नाहीसे होतात. औषध लागू पडले असे समजून तो निश्चिंत होतो. पुढे आठ-दहा दिवसांनी एके सकाळी तोच मासा, आणि शेजारचे चार मासेही, ठिपक्यांनी भरून गेलेले दिसतात. औषध घातले नसते तरीही ठिपके त्या चार दिवसांत गेलेच असते! असे का होते हे समजले म्हणजे या रोगाच्या उपचारांमागील तत्त्व बहुतांशी समजले.

या रोगाला कारण होणाऱ्या एकपेशीय जीवाचे नाव क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. जपानमधील सिकामा या संशोधकाने १९३७ साली या रोगाचे वर्णन केले, तर १९५१ साली ब्राउन यांनी लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील मत्स्यालयात सापडलेल्या नमुन्यांवरून या जीवाला त्याचे आजचे नाव दिले. (योगायोग असा की, मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयही १९५१ सालीच खुले झाले.) पुढे १९८० च्या दशकात इस्रायलमधील एलात येथे अँजेलो कोलोर्नी यांनी त्याच्या जीवनचक्राचा बारकाईने अभ्यास केला.

हे जीवनचक्र चार अवस्थांचे आहे. पहिल्या अवस्थेत परजीवी माशाच्या त्वचेच्या आणि कल्ल्यांच्या वरच्या थराखाली शिरून तेथील पेशी खातो. आपल्याला दिसणारा ठिपका तो हाच. त्वचेच्या आवरणाखाली असल्यामुळे पाण्यातले औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तीन ते सात दिवसांत तो पुरेसा वाढतो आणि मासा सोडून तळाशी उतरतो. हे तो प्रायः रात्रीच्या अंधारात करतो, कारण त्या वेळी मासा तळाजवळ किंवा कपारीत विसावलेला असतो. दुसऱ्या अवस्थेत तो काही तास तळावर सरपटत राहतो. तिसऱ्या अवस्थेत वाळूला, दगडाला किंवा काचेला चिकटून तो स्वतःभोवती कठीण कवच तयार करतो. या कवचाला पुटी म्हणतात. पुटीच्या आत एकाचे दोन, दोनांचे चार असे विभाजन चालते आणि सुमारे दोनशेपर्यंत पिल्ले तयार होतात. काही पुट्या तीन दिवसांत फुटतात, बऱ्याच आठवडाभरात. परंतु कोलोर्नी यांना तब्बल बहात्तराव्या दिवशी फुटलेली पुटीही आढळली. चौथी अवस्था म्हणजे पोहणारी पिल्ले. त्यांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. किंबहुना पहिल्या काही तासांनंतरच त्यांची माशात शिरण्याची शक्ती घटू लागते.

या चार अवस्थांपैकी माशाच्या त्वचेखालील परजीवी आणि कवचाच्या आतील पुटी या दोन्ही औषधाला जवळजवळ दाद देत नाहीत. औषधाने मरते ते पोहणारे पिल्लू. म्हणजेच औषध पाण्यात इतके दिवस टिकले पाहिजे की, जी पुटी केव्हा फुटेल ती फुटो, बाहेर पडणाऱ्या पिल्लाला औषधी पाणीच भेटले पाहिजे. ठिपके गेले म्हणून औषध थांबवणे म्हणजे चोर तळघरात उतरल्यावर पहारा उठवणे होय.

येथे गोड्या पाण्याच्या अनुभवापासून सावध राहावयास हवे. गोड्या पाण्यातील माशांनाही पांढऱ्या ठिपक्यांचा रोग होतो आणि पाण्यात थोडे मीठ घालून तापमान वाढवण्याचा उपाय अनेकांना ठाऊक असतो. परंतु तो जीव वेगळा आहे. दोघांचे रूप आणि जीवनचक्र सारखे असले तरी वर्गीकरणात ते परस्परांचे जवळचे नातलग नाहीत. समुद्री रोगात तापमान वाढवून भरवशाचा उपयोग होत नाही, आणि मिठाच्या बाबतीत तर उपाय नेमका उलट आहे. तो पुढे येईलच.

प्रत्येक ठिपका क्रिप्टोकॅरिऑनचा असतो असेही नाही. परांच्या कडेला फुलकोबीच्या तुऱ्यासारख्या गाठी दिसल्या आणि त्या आठवडेच्या आठवडे एकाच जागी राहिल्या, तर तो बहुधा विषाणूमुळे होणारा लिम्फोसिस्टिस नावाचा विकार असतो. तो बऱ्याचदा आपोआप बरा होतो. त्याला परजीवीनाशक औषध देणे व्यर्थ आहे. याउलट मखमल रोगात ठिपके दिसण्याआधीच मासा मरू शकतो. या रोगाचा कारक ॲमिलोओडिनियम ओसेलॅटम हा प्रथम कल्ल्यांवर हल्ला करतो. मासा धापा टाकतो, पंपाच्या प्रवाहासमोर उभा राहतो, उजेड टाळतो आणि एक-दोन दिवसांत दगावतो. अंधाऱ्या खोलीत विजेरीचा झोत तिरपा टाकून पाहिले तर क्वचित अंगावर सोनेरी धुरळ्यासारखा थर चमकतो. तिसरा रोग विदूषक माशांमध्ये विशेष आढळतो. त्यात अंगावर चिकट पांढरा स्राव पसरतो आणि त्वचा सुटू लागते. त्याच्या कारकाचे नाव ब्रुकलिनेला. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन भागातील मत्स्यालयात तो सापडला व १९७० साली लोम आणि नायग्रेली यांनी त्याचे वर्णन केले. हा जीव पुटी न करता माशाच्या अंगावरच विभागत जातो, त्यामुळे त्याचा वेग भयंकर असतो.

नुसत्या डोळ्यांनी केलेले निदान हा अखेर अंदाजच असतो. खात्री सूक्ष्मदर्शकानेच होते. मासा ओल्या हाताने अलगद धरून छातीच्या पराच्या मागील बाजूची थोडी बुळबुळ आच्छादक काचेच्या कडेने, डोक्याकडून शेपटीकडे, हलकेच खरवडून घेतात. ती काचपट्टीवर पेटीतीलच पाण्याच्या थेंबात ठेवून चाळीस ते शंभरपट मोठी करून लगेच पाहतात, कारण मेलेला परजीवी ओळखणे अवघड असते. मोठा, अपारदर्शक, गोलसर आणि सावकाश गिरक्या घेणारा जीव दिसला तर तो क्रिप्टोकॅरिऑन. तपकिरी, पेअर फळाच्या आकाराचा आणि निश्चल असेल तर मखमल रोग. चपटा, घेवड्याच्या दाण्यासारखा आणि सरकत जाणारा असेल तर ब्रुकलिनेला. ही परीक्षा शिकणे वाटते तितके कठीण नाही. साधन नसेल तर मत्स्यरोगांच्या जाणकाराची मदत घ्यावी. रत्नागिरी, मंगळूरू आणि तुतिकोरीन येथे मत्स्य महाविद्यालये आहेत.

निदान झाल्यावर उपचार स्वतंत्र पेटीत करावेत. त्या पेटीत वाळू नसावी, खडक नसावा. लपण्यासाठी प्लास्टिकच्या नळीचे तुकडे आणि आधीपासून चालू असलेली स्पंजाची गाळणी पुरे. याला दोन कारणे आहेत. प्रवाळ, कोळंबी, तारामासा यांना तांबे विषासारखे असते, आणि चुनखडीयुक्त वाळू व खडक तांबे शोषून घेतात, त्यामुळे पाण्यातील त्याचे प्रमाण सतत ढळते.

तांब्याचा उपचार क्रिप्टोकॅरिऑन व मखमल या दोन्ही रोगांवर चालतो, मात्र त्यात मोजमापाला पर्याय नाही. मुक्त तांब्याचे प्रमाण लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम असावे लागते. याहून कमी असेल तर पिल्ले मरत नाहीत. बरेच वाढले तर मासा मरतो. उदाहरणार्थ, उपचारपेटीत पाणी ६० सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि २५ उंच भरले आहे. गुणाकार ६०,००० घनसेंटिमीटर, म्हणजे ६० लिटर. लिटरला ०.२० प्रमाणे १२ मिलिग्रॅम तांबे हवे. मोरचुदाच्या स्फटिकांत वजनाच्या सुमारे एक चतुर्थांश तांबे असते, म्हणून सुमारे ४७ मिलिग्रॅम मोरचूद लागेल. ही चिमूट घरच्या तराजूवर मोजता येणार नाही. यासाठी एक ग्रॅम शुद्ध मोरचूद एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवावे. या द्रावणाच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम मोरचूद येईल. त्याचे ४७ मिलिलिटर दोन-तीन दिवसांत विभागून घालावे आणि चाचणीसंचाने रोज दोनदा प्रमाण तपासावे. शेतीसाठी विकले जाणारे मोरचूद यासाठी वापरू नये. मखमल रोगात हा उपचार किमान दोन आठवडे, तर पांढऱ्या ठिपक्यात तीन ते सहा आठवडे चालू ठेवतात. तयार औषधांत तांबे कधी अन्य रसायनाशी बांधलेले असते. त्याचे प्रमाण निराळे असते, तेव्हा वरील आकडे त्याला लावू नयेत.

तांबे वापरायचे नसेल तर पांढऱ्या ठिपक्यावर दुसरा मार्ग आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते हळूहळू १५ ग्रॅमच्या आसपास उतरवले तर पुटीतील जीव टिकत नाहीत. मासा मात्र तग धरतो. उलट शरीरातील जादा मीठ बाहेर टाकण्याचे त्याचे श्रमच कमी होतात. तीन-चार आठवडे ही पातळी राखून मग ती कित्येक दिवसांत सावकाश वाढवावी. परंतु मखमल रोगाचा जीव याहूनही कमी क्षारतेत सुखाने जगतो, आणि क्रिप्टोकॅरिऑनचेही कमी क्षारतेला सरावलेले प्रकार आढळले आहेत. तिसरा मार्ग केवळ कष्टाचा आहे: दर तीन दिवसांनी माशाला कोरड्या करून धुतलेल्या, नवे पाणी भरलेल्या पेटीत हलवायचे, असे चार वेळा. पुट्या फुटण्यापूर्वीच पोशिंदा तेथून निघून गेलेला असतो. औषधाविना होणारा हा उपचार, मनुष्यबळ असेल तर, सर्वांत उत्तम म्हणावा लागेल.

ब्रुकलिनेलावर तांबे निष्प्रभ ठरते. तेथे फॉर्मलिनची अल्पकाळची अंघोळ देतात. फॉर्मलिन पाण्यातील प्राणवायू कमी करते आणि माणसालाही अपायकारक आहे. म्हणून जोरदार हवा सोडून, हातमोजे घालून, मोकळ्या जागेत आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच हे करावे. निओबेनेडेनियासारखे चपटे कृमी मात्र गोड्या पाण्यात मासा तीन ते पाच मिनिटे ठेवला की पांढरे पडून गळतात. त्या पाण्याचे तापमान व सामू पेटीइतकाच असावा लागतो. निदान आणि उपचार एकाच वेळी करणारी ही सोपी युक्ती आहे. पण या कृमींची चिवट अंडी तंतूंनी जाळीला व दगडांना अडकून राहतात आणि पुढे त्यांतून नवे कृमी निघतात, म्हणून प्राझिक्वान्टेल हे औषध ठरावीक अंतराने पुन्हा द्यावे लागते.

बाजारात प्रवाळांना न दुखावता रोग घालवण्याची हमी देणारी औषधे मिळतात. लसणाचा रसही सुचवला जातो. त्यांनी पांढरा ठिपका समूळ जातो याला भक्कम पुरावा नाही. सफाई करणारे मासे अंगावरचे मोठे परजीवी टिपतात, परंतु त्वचेखालचा जीव त्यांच्या आवाक्याबाहेर असतो.

मासे उपचारपेटीत असताना मुख्य पेटी मासळीविना चालू ठेवावी. प्रवाळ आणि कोळंबी तेथे राहू शकतात. या परजीवींना मासाच लागतो. बहात्तर दिवसांची ती पुटी ध्यानात घेता अनेक जाणकार सुमारे अकरा आठवडे वाट पाहतात. रोगातून वाचलेल्या माशात काही महिने टिकणारी अंशतः प्रतिकारशक्ती येते; असा मासा ठिपके न दाखवता परजीवी बाळगू शकतो. नवा मासा दिसायला निरोगी असला तरी त्याला किमान तीस दिवस वेगळे ठेवतात ते याच कारणाने. त्या काळात त्याची भूक, अंग घासण्याची खोड आणि कल्ल्यांची मिनिटातील हालचाल रोज टिपून ठेवावी. त्याची जाळी, बादली आणि नळीही वेगळी असावी, कारण पाण्याच्या एका थेंबातूनही पोहणारी पिल्ले मुख्य पेटीत पोहोचू शकतात.