मोटारींतील शीतयंत्र गरम वारा कां देतें?

श्रोतेहो, महाडाहून सुमारें ३० किलोमीटर आंत, सह्याद्रीच्या पायथ्याशीं असलेल्या शिवथरघळीस पुण्या-मुंबईच्या पुष्कळ मोटारी येतात. पुण्याची मंडळी वाट खुली असेल तेव्हां वरंध घाट उतरून येतात व परततांना तोच घाट चढतात. वैशाखाच्या उन्हांत, मागच्या आसनावर वृद्ध आई व तान्हें मूल असतां, या चढावर शीतयंत्रांतून गरम वारा येऊं लागला म्हणजे प्रवास नकोसा होतो. अशा वेळीं बहुतेकांच्या तोंडीं एकच वाक्य येतें: “गॅस संपला असेल, भरून घेऊं.” हें वाक्य पुष्कळदां फुकटच्या खर्चाचें ठरतें. तें कां, हेंच आज सांगावयाचें आहे.

मातीच्या मडक्यांतील पाणी गार कां होतें, हें आपण शाळेंत शिकलों आहों. मडक्यांतून पाझरलेल्या पाण्याची वाफ होते. वाफ होण्यास उष्णता लागते, व ती आंतल्या पाण्यांतून ओढली जाते. मोटारींतील यंत्राचें तत्त्व हेंच आहे. मात्र येथें पाण्याऐवजीं अतिशय कमी उष्णतेवर उकळणारें द्रव्य योजतात. आपल्याकडील पुष्कळ मोटारींत तें आर-१३४ए नांवाचें असून, मोकळ्या हवेंत तें उणें २६ अंश सेल्सिअसच्या सुमारास उकळतें. डॅशबोर्डमागील कूलिंग कॉइलमध्यें त्याची वाफ होते व गाडींतील उष्णता ती घेते. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो. आणि मोटारीच्या तोंडाशीं असलेल्या कंडेन्सरच्या जाळींत बाहेरच्या वाऱ्यास उष्णता देऊन ती पुन्हा द्रवरूप होते.

मडक्यांतील वाफ उडून जाते, म्हणून मडकें रोज भरावें लागतें. मोटारींतील द्रव्य बंद नळ्यांतून फिरत राहतें. तें खर्च होत नाहीं. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षें किंचित् झिरप होते, हें खरें. परंतु गतवर्षीं भरलेला गॅस यंदा नाहींसा झाला असेल, तर कोठें तरी गळती आहे, असेंच समजावें.

आतां दोष शोधावयाचा कसा? वारा केव्हां गरम होतो, हें प्रथम पाहावें.

सपाट महामार्गावर गार व घाटांत गरम, असें होत असेल तर दृष्टि कंडेन्सरकडे वळवावी. वेगांत असतां त्यास समोरून भरपूर वारा मिळतो. चढावर सर्व भार पंख्यावर पडतो. पंखा मंदावला असेल, किंवा जाळींत धूळ, चिखल व किडे साचले असतील, तर उष्णता बाहेर जात नाहीं. जाळी पाण्याच्या हलक्या धारेनें धुवावी. इंजिन फार तापल्यास पुष्कळ नव्या मोटारींत कॉम्प्रेसर आपोआप बंद केला जातो, हेंही ध्यानांत असावें. उष्णतेचा कांटा चढत असल्यास शीतयंत्र बंद करून गाडी सुरक्षित जागीं थांबवावी.

आरंभीं गार, परंतु तासाभरांत वारा क्षीण व कोमट, असें असेल तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरत असण्याचा संभव आहे. शीतयंत्राचें बटण बंद करून नुसता आंतला पंखा पंधरा मिनिटें चालविल्यास बर्फ वितळतो. याचें एक नेहमींचें कारण म्हणजे धुळीनें कोंदलेली हवेची गाळणी. ती बहुधा डाव्या आसनासमोरील खणामागें असते व थोडक्या खर्चांत बदलतां येते.

आरंभापासूनच वारा गरम असेल, तर कॉम्प्रेसर फिरतो कीं नाहीं तें पाहावें. पुष्कळ मोटारींत बटण दाबतांच ‘टक्’ असा आवाज होऊन क्लच धरतो. १९३९ सालीं अमेरिकेंत पॅकार्ड कंपनीनें मोटारीसाठीं शीतयंत्र काढलें, त्यास असा क्लच नव्हता. यंत्र बंद करावयाचें तर पट्टा हातानें काढावा लागे. आज क्लच न धरण्याचीं कारणें अनेक: फ्यूज, रिले, तुटलेली तार, अथवा गॅस कमी झाल्यानें दाबाच्या स्विचनें केलेली अटकाव. म्हणून क्लच धरत नाहीं एवढ्यावरून तो बदलूं नये.

गॅसच कमी ठरला, तर आधीं गळती शोधावी. गॅसबरोबर तेलही फिरत असल्यानें गळक्या सांध्यावर तेलकट डाग दिसतो. नळ्यांत नायट्रोजन भरून साबणाच्या फेसानेंही छिद्र सांपडतें. तें बुजविल्यावर पंपानें नळ्यांतील हवा व ओल काढावी, आणि मगच बॉनेटखालील पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस तोलून भरावा. बंद यंत्रावरील दाब पाहून अंदाज करणें व्यर्थ आहे. आंत थोडाही द्रव शिल्लक असेपर्यंत तो दाब वजनावर नव्हे, तर उष्णतेवर अवलंबून असतो. अधिक गॅसही थंडावा घटवितो.

हें काम घरीं करूं नये. नळी उघडल्यास उसळणाऱ्या द्रवानें त्वचा व डोळे गोठून इजा होते. कोणी स्वस्तांत स्वयंपाकाचा गॅस भरून देऊं म्हणाल्यास स्पष्ट नकार द्यावा; तो पेट घेतो, आणि कूलिंग कॉइल फुटली तर तो थेट आपल्या कुटुंबाच्या बैठकींत शिरतो.

गळका गॅस केवळ आपल्या खिशास लागत नाहीं. आर-१३४ए हवेंत गेला म्हणजे तितक्याच वजनाच्या कर्बवायूच्या हजारपटींहून अधिक उष्णता शंभर वर्षांच्या काळांत धरून ठेवतो. अशा द्रव्यांचा वापर घटविण्याचा करार २०१६ सालीं किगाली येथें झाला, व २०२१ सालीं भारतानें त्यास मान्यता दिली.

तेव्हां श्रोतेहो, मेकॅनिककडे जातांना “गॅस भरा” असें सांगूं नये. वारा केव्हां व कोठें गरम होतो, तें सांगावें. गळती कोठें सांपडली, नळ्यांतील हवा काढली काय, व गॅस किती ग्रॅम भरला, हे तीन प्रश्न विचारावे आणि उत्तरें बिलावर लिहून घ्यावीं. पुढच्या उन्हाळ्यांत वारा पुन्हा गरम झाला, तर तो कागद फार उपयोगीं पडेल.