जुनी खिडकी बदलताना काय पाहावे?

घराच्या दुरुस्तीला हात घातला की आपण आधी फरशी पाहतो, मग रंग, आणि उरलेल्या पैशांत खिडकी. पावसाने फुगलेली, बिजागऱ्या गंजलेली खिडकी वर्षानुवर्षे बंदच राहते. पण दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा माणसे झोपत असतील, तर खिडकी ही शोभेची वस्तू नाही. तिच्यावर घराचे आरोग्य अवलंबून असते.

क्षयरोगाचे जंतू रुग्णाच्या खोकल्यातून हवेत येतात आणि बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. हवा खेळती असेल तर ते विरळ होतात आणि दुसऱ्याला लागण होण्याचा धोका कमी होतो. अर्थात खिडकी म्हणजे औषध नव्हे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते, ती करून घ्यावीच. चुलीचा धूर आणि भिंतीची ओल बाहेर जायलाही मोकळी खिडकीच लागते.

खिडकी केवढी असावी? राष्ट्रीय इमारत संहितेनुसार मुंबईसारख्या उष्ण-दमट भागात दारे सोडून खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक षष्ठांश जागा हवेसाठी हवी. १०० चौरस फुटांच्या खोलीला हे सुमारे १७ चौरस फूट होतात. चार बाय चारची खिडकी पूर्ण उघडली, तर जवळपास तेवढी जागा मिळते. तीच खिडकी दोन काचांची स्लायडिंग बसवली, तर एका वेळी अर्धीच उघडते आणि हवा येण्याची जागा ८ चौरस फुटांवर येते. म्हणून चकचकीत काच पाहण्याआधी खिडकी किती उघडते ते विचारावे. बाहेर जागा असेल तर बिजागरीची, पूर्ण उघडणारी झडप चांगली.

हवेला आत यायला जशी वाट लागते, तशी बाहेर जायलाही लागते. शक्य असेल तर समोरासमोरच्या भिंतींना खिडक्या ठेवाव्यात. तिन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती असतील, तर दारावर छताजवळ जाळीचा झरोका काढावा. गरम हवा वर चढते व तिथून निघून जाते.

ऊन मात्र काचेच्या बाहेरच अडवावे. आतला पडदा तापला की ती उष्णता खोलीतच राहते. दक्षिणेच्या खिडकीला छज्जा पुरतो. पश्चिमेचे ऊन तिरपे येते, तिथे बाहेरून बांबूचा तट्टा लावावा. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्याच्या दुपारी बाहेरची हवा आतल्यापेक्षा तापलेली असेल, तर खिडकी बंद ठेवावी आणि रात्री सताड उघडावी. पत्र्याचे घर मात्र बाहेरपेक्षाही जास्त तापते, तिथे दिवसाही हवा खेळती ठेवावी.

डासांसाठी जाळी हवीच, कारण डेंग्यूचा डास दिवसा चावतो. जाळीवर धूळ साचली की हवा अडते, म्हणून ती काढून धुता येईल अशी बसवावी. लोखंडी ग्रिलचा एक भाग आतून उघडता आला पाहिजे. दाराकडे आग लागली तर बाहेर पडायला दुसरी वाट राहत नाही.

जुन्या खिडकीच्या तैलरंगात शिसे असू शकते. ते मुलांच्या मेंदूला घातक आहे. रंग कोरडा खरवडू नये, आधी ओला करावा, मुलांना दूर ठेवावे आणि फरशी ओल्या फडक्याने पुसावी.

सगळे एकदम जमणार नाही. चौकट पक्की असेल तर आधी बिजागऱ्या बदलून अडकलेली झडप मोकळी करावी. मग जाळी, मग बाहेरची सावली. भाड्याची खोली असेल तर घरमालकाशी एकेकट्याने बोलण्यापेक्षा आजूबाजूच्या चार घरांनी मिळून बोलावे. नवी खिडकी पुढच्या वर्षी घेता येईल, पण अडकलेली आहे ती याच आठवड्यात उघडता येते.