सरासरी कशाची, तुलना कुणाशी?

आकड्यांची भाषा : लेखांक 6

गेल्या आठवड्यात आपण टक्क्यांचा हिशेब पाहिला. या आठवड्यात तुलना सांगणारे इंग्रजी शब्द घेऊ: ॲव्हरेज, नॉर्मल, मीडियन, मोडल आणि थ्रेशोल्ड. पावसाच्या बातम्यांत, बाजार समितीच्या भावफलकावर, पीकविम्याच्या कागदांत हे शब्द नाहीतर त्यांचे मराठी प्रतिशब्द रोज भेटतात. त्यांच्यावर कुणाची नुकसानभरपाई ठरते, कुणाचा माल विकायचा की थांबवायचा हे ठरतं. म्हणून ते नीट कळायला हवेत. समजून घ्यायला जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके पुरेसे आहेत.

सुरुवात ॲव्हरेजपासून, म्हणजे सरासरीपासून करू. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. दूरच्या आकाशगंगांकडून येणारे रेडिओ संदेश इतके क्षीण असतात, की यंत्रांच्या आणि आकाशाच्या गोंगाटात ते बुडून जातात. मग शास्त्रज्ञ तासन्‌तास निरीक्षण करतात आणि सगळ्या नोंदींची सरासरी काढतात. गोंगाट कधी वर, कधी खाली असा कसाही हलतो, म्हणून तो सरासरीत विरत जातो. खरा संदेश प्रत्येक नोंदीत तोच असतो, म्हणून तो उरतो. सरासरीचं बळ हे आहे. मोजायची वस्तू एकच असेल आणि फरक निव्वळ मोजण्यातल्या चुकांमुळे पडत असेल, तर सरासरी आपल्याला सत्याच्या जवळ नेते.

पण फरकच खरा असेल तर? जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाट आणि माळशेज, पूर्वेला आणे पठार. आंबेगावच्या पश्चिमेला आहुपे, पूर्वेला लोणी-धामणी. एकीकडे सह्याद्रीच्या माथ्यावर भातखाचरं तुडुंब भरतात, दुसरीकडे पर्जन्यछायेतली गावं टँकरची वाट पाहतात. समजा, एका टोकाला वर्षाला 2,500 मिलिमीटर पाऊस झाला आणि दुसऱ्याला 500. सरासरी 1,500. एवढा पाऊस या दोन्ही ठिकाणी झालेला नाही. इथला फरक मोजणीतली चूक नव्हे, तेच तिथलं वास्तव आहे. त्याची सरासरी काढली की गोंगाटाऐवजी संदेशच पुसला जातो.

याची जीवघेणी बाजू 2014 साली दिसली. त्या वर्षीचा देशाचा मोसमी पाऊस सरासरीच्या 88 टक्के, म्हणजे तुटीचा. जूनमध्ये तर पाऊस फारच कमी झाला होता. त्याच हंगामात 30 जुलैच्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर मुसळधार पावसात डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. देशाचा आकडा खोटा नव्हता. पण माळीणच्या उतारावर किती पाणी मुरलंय, हे तो सांगू शकत नव्हता.

आता नॉर्मल. हवामान खात्याच्या भाषेत नॉर्मल म्हणजे अनेक वर्षांची सरासरी. देशासाठी सध्या 1971 ते 2020 या 50 वर्षांच्या मोसमी पावसाची सरासरी धरतात. ती सुमारे 87 सेंटिमीटर. त्याआधी 1961 ते 2010 ची, सुमारे 88 सेंटिमीटर धरत होते. म्हणजे मोजपट्टीही बदलते. देशभरात 96 ते 104 टक्के पाऊस झाला तर मोसम नॉर्मल. जिल्ह्यासाठी मात्र पट्टा रुंद आहे: सरासरीपेक्षा 19 टक्के कमी ते 19 टक्के जास्त, हे सगळं नॉर्मल. शिवाय हा हिशेब एकूण पावसाचा. पेरणीनंतर तीन आठवडे उघडीप आणि मग दोन दिवसांत सगळी भरपाई, असं झालं तरी एकूण आकडा नॉर्मलच दिसेल. पीक मात्र गेलेलं असेल.

बाजारात वेगळा घोळ होतो. मंचरला किंवा ओतूरला कांद्याची पाच सारख्या वजनाची वक्कलं विकली गेली असं समजू. दहा किलोचे भाव 90, 90, 110, 120 आणि 290 रुपये. सरासरी 140. चढत्या क्रमाने लावल्यावर मधला भाव 110, हा मीडियन. सर्वाधिक वेळा मिळालेला भाव 90. बाजार समितीच्या फलकावर किमान आणि कमाल दरासोबत जो ‘सर्वसाधारण दर’ असतो, तो याच जातीचा. त्यालाच मोडल म्हणतात, म्हणजे ज्या भावाने जास्तीत जास्त माल गेला तो. पाचपैकी चार वक्कलांना सरासरीपेक्षा कमी मिळाले, हे लक्षात घ्या. एका उच्चांकी वक्कलाने सरासरी वर ओढली. 2023 च्या जुलैत नारायणगावला टोमॅटोच्या क्रेटचा भाव दोन हजारांवर गेला, तेव्हा राज्यभर बातम्या झाल्या त्या कमाल भावाच्या. आपल्या मालाला काय मिळेल हे बघायचं असेल, तर नजर सर्वसाधारण दरावर हवी.

शेवटी थ्रेशोल्ड, म्हणजे उंबरठा. पीकविम्यात उंबरठा उत्पन्न काढताना मागच्या सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांच्या उत्पन्नाची सरासरी घेतात आणि तिला जोखीमस्तराने गुणतात. सरासरी एकरी 10 क्विंटल आणि जोखीमस्तर 70 टक्के असेल, तर उंबरठा 7 क्विंटल. सर्वांत वाईट दोन वर्षं वगळण्याची सोय चांगली आहे. पण सातात तीन-चार वर्षं वाईट गेली, तर दोन वगळूनही उरलेली सरासरीत शिरतात आणि उंबरठाच खाली येतो. ज्या गावावर वारंवार संकट येतं, त्याची मोजपट्टी अशी आखूड होत जाते.

असाच उंबरठा पिकांच्या पैसेवारीलाही असतो. तिच्यात गावातलं उत्पन्न प्रमाण उत्पन्नाशी ताडतात, आणि ती 50 पैशांच्या आत आली तर टंचाईच्या सवलतींचा मार्ग खुला होतो. तिचा मोठा गुण हा, की ती गावनिहाय ठरते. अतिवृष्टीचा निकष मात्र 24 तासांत 65 मिलिमीटर पावसाचा, आणि तो महसूल मंडळातल्या नोंदीवर तपासला जातो. महावेध प्रकल्पामुळे मंडळांत स्वयंचलित केंद्रं आली, ही मोठी सुधारणा. तरी डोंगराळ भागात एका मंडळात अनेक खोरी येतात. केंद्राच्या खोऱ्यात 60 मिलिमीटर आणि पलीकडच्या खोऱ्यात 90 पडला, तर कागदावर दोन्हीकडे 60 च. सगळ्यांना एकच आकडा लावला म्हणजे समान न्याय झाला, असं मानणं चूक आहे. प्रत्येकाचं नुकसान त्याच्याच शिवारातल्या मोजणीने तपासणं, ही खरी समानता. म्हणून पर्जन्यमापक ग्रामपंचायतीपर्यंत पोचायला हवेत, आणि सगळ्यांत आधी पश्चिमेच्या आदिवासी पट्ट्यात.

तोवर तुलनेचा कोणताही आकडा समोर आला, की तीन प्रश्न विचारा. मोजला कुठे? ताडला कोणत्या वर्षांशी? आणि सर्वांत कमी-सर्वांत जास्त किती होतं? ग्रामसभेत, बाजार समितीत, कृषी कार्यालयात हे प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

पुढच्या लेखांकात: ‘शक्यता’ म्हणजे काय, आणि हवामानाचा अंदाज कसा वाचावा.