यंत्र एक, चुली किती?

मंडळी, आज आपण जरा रुक्ष विषय घेतलाय. सॉफ्टवेअरच्या परवाना-करारातल्या दोन व्याख्या: भौतिक ऑपरेटिंग सिस्टीम आणि आभासी ऑपरेटिंग सिस्टीम. विषय रुक्ष, पण आष्ट्यातल्या एखाद्या पतसंस्थेनं सर्व्हर घेतला, तर पैसे किती परवान्यांचे भरायचे हे या दोन शब्दांवर ठरतं.

सिस्टीम थेट यंत्रावर चालली तर ती भौतिक. त्याच यंत्रात सॉफ्टवेअरनं दुसरं यंत्र भासवलं आणि त्यावर ती चालवली, तर आभासी. एका सर्व्हरमध्ये अशी पाच-सहा यंत्रं सहज मावतात. मग मोजायचं काय?

वेदान्ती म्हणतील, घटाकाश आणि मठाकाश उपाधीमुळे वेगळी दिसतात, आकाश एकच. आपल्याला ते पटेलही. करार मात्र उपाधीच मोजतो! मायक्रोसॉफ्टच्या करारातली कसोटी अशी: यंत्राची स्वतंत्र ओळख, म्हणजे वेगळं नाव, किंवा स्वतंत्र प्रशासकीय अधिकार. यातलं एक जरी असलं तरी ती सिस्टीम वेगळी धरायची. आपल्याकडे एकाच वाड्यात भावांच्या चुली वेगळ्या झाल्या की घरं वेगळी मोजतात, मध्ये भिंत असो वा नसो. तसंच हे.

आता हिशेब करू. विंडोज सर्व्हरचा परवाना २०१६च्या आवृत्तीपासून प्रोसेसरच्या कोअरवर मोजतात. समजा, आपल्या सर्व्हरला १६ कोअर आहेत. स्टँडर्ड आवृत्तीत त्या सगळ्या कोअरचा परवाना एकदा घेतला की दोन आभासी सिस्टीम चालवता येतात. आपल्याला पाच हव्यात. दोनदा घेतला तर चारच होतात. म्हणून तिसऱ्यांदा घ्यायचा. म्हणजे १६ नव्हे, ४८ कोअरचे पैसे. डेटासेंटर आवृत्तीत आभासी सिस्टीमना मर्यादा नाही, पण ती महाग.

खरी मेख पुढेच आहे. खालची भौतिक सिस्टीम नुसती वरच्या आभासींना सांभाळत असेल, तर ती हिशेबात येत नाही. पण एकाच परवान्यावर वर दोन आभासी चालू असताना तिच्यावर ठेवींचं सॉफ्टवेअरही टाकलं, की करार मोडला. यंत्रातला एक स्क्रूही हललेला नाही. बदललं ते काम. म्हणजे शब्द 'भौतिक' असला, तरी करार वस्तूकडे पाहत नाही, वापराकडे पाहतो.

तेव्हा सही करण्याआधी आपण तीन गोष्टी कागदावर मांडू: यंत्रांची नावं किती, अधिकार कुणाकुणाचे, आणि खालच्या सिस्टीमवर नेमकं काय चालणार. उत्तरं विक्रेत्याला विचारण्याआधी आपल्याला माहीत हवीत.